गाडी चुकली तर पुढची कधी?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी निवृत्त चित्रकला शिक्षक. मे महिन्याच्या शेवटी मी, माझी पत्नी आणि माझी थोरली बहीण असे तिघं युरोपला निघालोय. बहिणीला आम्ही आक्का म्हणतो. तिचं वय 71, गुडघे दुखतात. आक्काचा नातू हायडेलबर्गला शिकतो. त्याला भेटणं हेच मुख्य निमित्त, म्हणून टूर कंपनीबरोबर जात नाही. माझ्या मुलाने सगळं एक्सेलमध्ये बसवून दिलंय. 11 रात्री, सहा देश. शनिवारी सकाळी साडेसातला पॅरिस, दोन रात्री. सोमवारी ब्रसेल्सला तीन तास थांबून आम्स्टरडॅम, ट्युलिप बघायला, दोन रात्री. बुधवारी वाटेत कोलोनचं चर्च बघून रात्री 9.40 ला हायडेलबर्ग. गुरुवारी सकाळी 9.50 ला तिथून निघून मानहाइम, बाझलवरून इंटरलाकेन, दोन रात्री. शनिवारी श्पीत्स आणि मिलानला गाडी बदलून व्हेनिस. रविवारी संध्याकाळी फ्लॉरेन्स. सोमवारी दिवसभर तिथली चित्रं आणि मिकेलांजेलोचा डेव्हिड बघून रात्री रोम. बुधवारी तिथून परतीचं विमान.

मला धास्ती आहे ती श्पीत्सची. तिथे गाडी बदलायला फक्त 8 मिनिटं आहेत. मानहाइमला 14 आणि मिलानला 35 आहेत, म्हणजे तिथे काळजी नाही. जाताना अबूधाबीला विमान बदलायचंय, मध्ये 1 तास 20 मिनिटं. तेवढी पुरतील का? आणि व्हिसा फ्रान्सचा काढायचा ना, पहिलं पाऊल तिथे पडतंय म्हणून?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीवर थांबले. बुधवारी रात्री 9.40 ला हायडेलबर्गला पोचायचं आणि गुरुवारी सकाळी 9.50 ला निघायचं. ज्या नातवासाठी आक्का या वयात साता समुद्रापार निघाल्या आहेत, त्याच्या वाट्याला तुम्ही 12 तास दिलेत. त्यातले आठ झोपेचे. ब्रसेल्सला तीन तास, कोलोनला दोन तास आणि नातवाला एक रात्र! गाड्यांचं मी सांगतेच, पण हे आधी दुरुस्त करू.

मनमाड जंक्शनच्या चौकशीच्या खिडकीत मी 22 वर्षं बसले. मीटरगेज होतं तोवर मुंबईकडून येणाऱ्या माणसाला औरंगाबादकडे जायला मनमाडला उतरून छोटी गाडी पकडावी लागे. लोक खिडकीशी येऊन विचारायचे, “बाई, मध्ये किती वेळ आहे?” मी सांगायची, वेळ किती आहे ते राहू द्या, गाडी चुकली तर पुढची कधी आहे ते विचारा. मध्ये अर्धा तास असून पुढची गाडी दुसऱ्या दिवशी असेल तर तो अर्धा तास कमीच. आणि पाच मिनिटं असून पुढची गाडी वीस मिनिटांनी असेल तर पाय ओढत जा, काही बिघडत नाही. पुढे मुलगी नऊ वर्षं बाझलला होती. तिच्याकडे पाच वेळा गेले, तेव्हा युरोपातही हेच खरं असल्याचं पाहिलं. मिनिटांच्या जोडीने दोन गोष्टी बघायच्या: पुढची गाडी कधी, आणि चुकलेल्या गाडीचा भुर्दंड कोणाच्या माथी.

या हिशेबाने तुमच्या जागा पुन्हा मांडू.

अबूधाबीची धास्ती सोडा. मुंबई ते पॅरिस एकाच तिकिटावर, एकाच बुकिंग क्रमांकावर आहे ना, तेवढं बघून घ्या. तसं असेल तर पहिलं विमान उशिरा आलं तरी तुम्हाला पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची, आणि सामानही थेट पॅरिसला निघतं. दोन वेगळी तिकिटं असती तर चार तासही मला कमी वाटले असते. उलट तुम्ही पॅरिसला उतरल्या दिवशी पुढची गाडी ठेवली नाहीत, हे फार शहाणपणाचं केलंत. आम्ही 2017 मध्ये ते केलं नव्हतं. विमान उतरल्यावर पावणेतीन तासांनी सुटणाऱ्या गाडीचं स्वस्तातलं तिकीट काढून ठेवलं होतं, न बदलणारं. विमान तास-सव्वा तास उशिरा टेकलं, पासपोर्टच्या रांगेत तितकाच वेळ गेला, आणि स्टेशनात शिरलो तेव्हा फलाट रिकामा होता. विमान आणि गाडी यांचा एकमेकांशी काही करार नव्हता, त्यामुळे दाद कुठेच नव्हती. नवं तिकीट जवळजवळ चौपट भावाचं पडलं. ह्यांनी वाटभर एक शब्द काढला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. आता तर 12 ऑक्टोबर 2025 पासून शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या, सीमेवर पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी संगणकात नोंद करायची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. पहिल्यांदा येणाऱ्याची नोंद करायला वेळ जातो. उतरल्या दिवशी लांबची गाडी नको म्हणजे नकोच.

आता श्पीत्स. तिथली 8 मिनिटं तुम्हाला घाबरवतात, कारण तुमच्या मुलाच्या तक्त्यात तो सगळ्यात लहान आकडा आहे. पण स्वित्झर्लंडच्या वेळापत्रकाची घडणच वेगळी आहे, आणि माझ्यासारख्या रेल्वेच्या बाईला त्याबद्दल बोलू लागले की थांबवत नाही. 1987 मध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून ‘बान 2000’ नावाची योजना मंजूर केली. डिसेंबर 2004 मध्ये तिचा मोठा टप्पा सुरू झाला. कल्पना अशी की झुरिक, बर्न, बाझल या मोठ्या जंक्शनांमधलं अंतर तासाच्या किंचित आत कापायचं. म्हणजे चहूकडच्या गाड्या तास भरायच्या थोड्या आधी स्टेशनात येतात, फलाटाफलाटांवर माणसांची अदलाबदल होते आणि तास उलटला की सगळ्या पुन्हा बाहेर पडतात. अर्ध्या तासाने परत तोच खेळ. त्यासाठी गाडी जमेल तितकी पळवलेली नाही, मेळ बसण्यापुरतीच पळवली. बाझलच्या स्टेशनात पुलावरच्या कठड्याला टेकून मी हे तासन् तास बघितलंय. तिथल्या घड्याळाचा लाल सेकंदकाटा साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी पुरी करतो, वर बाराशी क्षणभर थबकतो आणि मिनिटकाट्याने उडी मारली की पुन्हा निघतो. सगळ्या देशातल्या स्टेशनांची घड्याळं मिनिटाला मिनिट जुळावीत म्हणून 1944 मध्ये हान्स हिल्फिकर यांनी ते घडवलं. हे घड्याळ तुम्ही वहीत जरूर काढा, सर.

तेव्हा स्विस वेळापत्रकातली 8 मिनिटं विचार करून ठेवलेली असतात. पण माझा प्रश्न इथेही विचारा. श्पीत्सहून मिलानला जाणाऱ्या गाड्या दिवसात मोजक्याच, आणि त्यांना आरक्षण सक्तीचं. चुकली तर दुपार गेली. इंटरलाकेनहून श्पीत्सला मात्र साधारण दर अर्ध्या तासाने गाडी असते, अंतर वीस मिनिटांचं, आणि तिथलं साधं तिकीट ठरावीक गाडीला बांधलेलं नसतं. मग एक गाडी आधीची घ्या, झालं. श्पीत्सचं स्टेशन उंचावर आहे, खाली थुन सरोवराची खाडी आणि काठावर जुना किल्ला दिसतो. आक्कांना बाकावर बसवा आणि तुम्ही चित्र काढा. फक्त श्पीत्सपर्यंतचं सवलतीचं, गाडीला बांधलेलं तिकीट काढू नका.

मानहाइमची 14 मिनिटं तुम्ही ‘काळजी नाही’ या खान्यात टाकलीत, तिथे मी तुम्हाला अडवीन. जर्मनीत लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 2024 मध्ये 62.5 टक्केच वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांपर्यंतचा उशीर त्यांच्याकडे वेळेवरच धरतात. त्यातून, जर्मनीकडून येणारी गाडी फार उशिरा धावत असेल तर स्विस रेल्वे तिला बाझलहून पुढे घेत नाही, कारण तिच्यामुळे वर सांगितलेला सगळा मेळ विस्कटतो. प्रवाशांना उतरून वेळेवरच्या स्विस गाडीत बसावं लागतं. पण घाबरू नका. मानहाइमहून बाझलकडे दिवसभर साधारण तासाला एक गाडी असते आणि पुढे इंटरलाकेनला जायलाही गाड्या भरपूर. म्हणजे चुकली तर तासभर जाईल, मुक्काम बुडणार नाही. हायडेलबर्ग ते इंटरलाकेन असं एकच सलग तिकीट काढा. मग पहिल्या गाडीच्या उशिरामुळे पुढची चुकली तर पुढच्या गाडीत बसायचा हक्क राहतो, आणि मुक्कामाला 60 मिनिटं उशीर झाला तर भाड्याचा 25 टक्के, 120 मिनिटं झाला तर 50 टक्के परतावा मागता येतो. मानहाइमहून थेट इंटरलाकेनला जाणाऱ्याही काही गाड्या आहेत, मुलाला ती शोधायला सांगा. आक्कांच्या गुडघ्यांसाठी एक जिना वाचला तरी पुष्कळ.

एक शब्द पाठ करून ठेवा: ‘ग्लाइस’ म्हणजे फलाट. घोषणेत ‘हॉइटं’ म्हणजे ‘आज’ आणि त्यापुढे ग्लाइस ऐकू आलं की समजा, आज फलाट बदललाय. इटलीत फलाटाला ‘बिनारियो’ म्हणतात, फ्रान्समध्ये ‘व्वा’. जर्मन फलाटांवर अ, ब, क सारखे भाग पाडलेले असतात आणि तुमचा डबा कोणत्या भागासमोर येईल ते फलकावर दिसतं. तिथे आधीच जाऊन उभे राहा, गाडी आल्यावर सामान घेऊन फलाटभर पळणं तुमच्या तिघांना जमायचं नाही. हमाल मिळत नाहीत. माणशी एकच बॅग, आणि ती स्वतःला उचलून डब्यात चढवता येईल एवढीच.

सगळ्यात कच्चा दुवा मिलान. 35 मिनिटं भरपूर वाटतात. पण स्वित्झर्लंडहून येणारी गाडी एका तिकिटावर, पुढची वेगवान इटालियन गाडी दुसऱ्या तिकिटावर, आणि ते दुसरं तिकीट त्याच गाडीपुरतं. शिवाय इटलीत वेगवान गाड्या चालवणाऱ्या दोन वेगळ्या कंपन्या आहेत. एकीचं तिकीट दुसरीच्या गाडीत चालत नाही. म्हणजे पहिली गाडी पाऊण तास उशिरा आली तर तिघांची तिकिटं वाया. इथे दीड तास ठेवा. मिलान सेंट्रल 1931 मध्ये उघडलेलं स्टेशन आहे, त्याच्या कमानी आणि शिल्पं बघायला चित्रकलेच्या शिक्षकाला दीड तासही कमी पडेल. आक्कांसाठी तिथल्या ‘साला ब्लू’ कक्षाला आधी कळवून ठेवा. चालायला त्रास असणाऱ्या प्रवाशाला ते गाडीपर्यंत नेतात, चढवून देतात, आणि त्याचे पैसे घेत नाहीत. मागायला संकोच करू नका.

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते. तुमच्या फ्लॉरेन्समध्ये सोमवार आलाय, आणि उफित्सी व अकादेमिया ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात. डेव्हिड अकादेमियात आहे. आयुष्यभर मुलांना ज्याची छायाचित्रं दाखवलीत त्याच्या दाराशी जाऊन तुम्ही परत फिरला असता. हे वाचून माझ्या पोटात कालवलं. पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद असतं, रोममधली व्हॅटिकन संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून बाकी रविवारी बंद. आणि ट्युलिप? आम्स्टरडॅमजवळची ती प्रसिद्ध कॉयकनहॉफ बाग मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला उघडते आणि मेच्या मध्याला बंद होते. मेअखेर ट्युलिपच्या शेतात फुलं उरत नाहीत.

म्हणून सांगते, आम्स्टरडॅम, ब्रसेल्स आणि कोलोन काढा. व्हेनिसही काढा. वहिनींना व्हेनिस हवं असणार याची मला कल्पना आहे, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतंय. पण तिथे चारशेहून जास्त पूल आहेत, बहुतेकांना पायऱ्या. एका रात्रीसाठी बॅगा घेऊन आक्कांना त्या चढायला-उतरायला लावणं बरं नाही. इंटरलाकेन थुन आणि ब्रिएंझ या दोन सरोवरांच्या मधोमध आहे. तिथल्या बोटीत वहिनींना निवांत दोन तास बसवा.

विमानं तीच ठेवून मी असं मांडीन: शनिवार, रविवार, सोमवार पॅरिस. लूव्र रविवारी किंवा सोमवारी. मंगळवारी पॅरिसहून थेट मानहाइम. ही गाडी गार द लेस्त स्टेशनातून सुटते, तुमच्या मुलाने आम्स्टरडॅमसाठी लिहिलेल्या गार द्यु नोरमधून नव्हे. पॅरिसला आपल्या मुंबईसारखी दिशेदिशेची वेगळी स्टेशनं आहेत, आणि तिथल्या लांबच्या गाड्यांची दारं सुटण्याआधी दोन मिनिटं बंद होतात. मानहाइमला नातू घ्यायला येईल, तिथून हायडेलबर्ग पंधरा-वीस मिनिटं. मंगळवार, बुधवार तिथे. त्याच्या खोलीवर जा, तो जेवतो कुठे, अभ्यास कुठे करतो ते आक्कांना बघू द्या. गुरुवार, शुक्रवार इंटरलाकेन. शनिवारी श्पीत्स, मिलानवरून फ्लॉरेन्स. मिलानहून ते दोन तासांच्या आत येतं आणि गाड्या सारख्या असतात. रविवारी उफित्सी आणि अकादेमिया, तिकिटं आधीच वेळ ठरवून काढलेली. सोमवारी सकाळी रोम, मंगळवारी व्हॅटिकन, बुधवारी विमान. रोम तेर्मिनीहून विमानतळाची थेट गाडी 32 मिनिटांत पोचते. रात्री तेवढ्याच, 11.

शुक्रवारी इंटरलाकेनहून वर बर्फातल्या युंगफ्राउयोख स्टेशनला जायचा बेत असेल तर ते 3454 मीटरवर आहे. आक्कांना रक्तदाब किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वर नेऊ नका. आणि तिकीट सकाळी आकाश बघूनच काढा. आक्का खाली लाउटरब्रुनेनच्या दरीत राहिल्या तरी समोर 297 मीटरवरून कोसळणारा श्टाउबबाख धबधबा आहे, तिथपर्यंत सपाट रस्ता जातो.

राहिला व्हिसा. पहिलं पाऊल कुठे हे आधी बघत नाहीत. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस मुक्काम, त्याच्याकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखे असतील तरच पहिल्या प्रवेशाचा देश. तुमच्या जुन्या बेतात व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम धरून इटलीच्या चार रात्री होत्या आणि नव्यातही चारच आहेत. म्हणजे अर्ज इटलीकडे. फ्रान्सकडे केला असता तर मुक्कामाची कागदपत्रं बघून परत पाठवला असता. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान 15 दिवस आधी तरी करावाच लागतो, आणि उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर भरतात. शुल्क 90 युरो. प्रवासी आरोग्य विमा किमान 30,000 युरोंचा हवा. आक्कांच्या गुडघ्यांचं दुखणं विमा घेताना लपवू नका. आणि व्हिसा हातात पडेपर्यंत न बदलणारी, पैसे परत न मिळणारी तिकिटं कोणी कितीही स्वस्त दाखवली तरी घेऊ नका.

प्रश्न: आम्ही दोघं चार दिवस पॅरिस, मग पाच दिवस लंडनला मुलीकडे आणि शेवटी रोम बघून घरी येणार आहोत. ब्रिटनचा व्हिसा आहे. शेंगेन व्हिसा मिळाला, पण त्यावर एकच प्रवेश लिहिलाय. चालेल का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: नाही चालणार. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. पॅरिसहून लंडनची गाडी धरली की तुमचा तो एक प्रवेश संपला, मग व्हिसाची तारीख शिल्लक असली तरी रोमला उतरू देणार नाहीत. क्रम बदला: पॅरिस, रोम आणि शेवटी लंडन, आणि परतीचं विमान लंडनहून घ्या. तिकीट बदलायला थोडे पैसे पडतील. पण आधी पॅरिस आणि रोमच्या रात्री मोजून बघा. ज्या देशाने व्हिसा दिलाय, सर्वांत जास्त मुक्काम अजूनही त्याच देशात राहायला हवा.